सूर्याची उष्णता : न्हाणीघरापासून वीजघरापर्यंत

(वालचंदनगर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि तालुका स्तरावरील अधिकारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वालचंदनगरला येऊन उष्णतेविषयी व्याख्यान द्यावयाचे म्हणजे काशीला जाऊन गंगेचे वर्णन करण्यासारखे आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकात नीरेच्या या खोऱ्यात ऊस आणि साखर यांचा पाया घातला आणि कळंबच्या माळावर नवे गाव उभे राहिले. साखर कारखाना म्हटला की बॉयलर आला आणि बॉयलर म्हटला की वाफ आली. पुढे १९५५ पासून या गावाने साखर कारखान्यांची यंत्रसामग्री स्वतः घडविण्यास आरंभ केला. त्यानंतर बॉयलर, प्रचंड दंतचक्रे, अणुऊर्जा व अवकाश कार्यक्रमांना लागणारे भाग येथील कामगारांच्या हातून तयार झाले. तेव्हा वाफ म्हणजे काय आणि पाणी तापविण्यास किती इंधन लागते, हे या सभागृहातील अनेकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मी कला शाखेचा पदवीधर. शास्त्र मी शिकलो ते शास्त्रज्ञांना आणि कारागिरांना प्रश्न विचारून. त्यातून जे हाती आले ते आपणापुढे ठेवण्यासाठी मी उभा आहे.

प्रारंभी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या छतावर पाणी तापविणारे सौर संयंत्र बसविण्यात आले. उद्‌घाटनास मी उपस्थित होतो आणि बातमी मीच लिहिली. ‘विद्यार्थ्यांना आता बारमाही गरम पाणी’ असे तिचे शीर्षक होते. पुढे दुसऱ्याच कामासाठी त्या वसतिगृहात जाण्याचा योग आला. पहाटेची वेळ होती. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मोठे पातेले चढविलेले, धुराने डोळे चोळीत एक बाई लाकडे सारीत होत्या आणि मुले बादल्या घेऊन रांगेत उभी होती. मी वर छताकडे पाहिले. संयंत्र जागच्या जागी होते. काचांवर धुळीचे पुट चढले होते. गृहपाल म्हणाले, ‘‘साहेब, ते दीड वर्ष बंद आहे. नळ्यांत क्षार धरला, एक जोड गळू लागला. खरेदीला मंजुरी होती, दुरुस्तीला नव्हती.’’ माझी बातमी खोटी नव्हती. ती अर्धी होती. आजचे बोलणे म्हणजे त्या बातमीचा उरलेला अर्धा भाग समजावा.

घंगाळातील ऊन

सूर्याच्या उष्णतेने पाणी तापविणे ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. तान्ह्या बाळाच्या अंघोळीसाठी पितळी घंगाळात पाणी भरून ते अंगणात उन्हात ठेवण्याची रीत आपल्या आजी-पणजीपासून चालत आली आहे. घंगाळातील पाणी कोमट होते, कढत होत नाही, कारण जितकी उष्णता ते घेते त्यातील बरीचशी वाऱ्याला परत देऊन टाकते. सौर संयंत्राची सारी विद्या ही गळती थांबविण्याची विद्या आहे.

उथळ पेटीत तांब्याचा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या असतात. पत्र्यावर काळा लेप असतो. तो ऊन शोषून घेतो. चांगल्या प्रतीचा लेप शोषलेली उष्णता बाहेर फारशी टाकत नाही. वर काच असते. ती ऊन आत येऊ देते, मात्र आतील ऊब आणि बाहेरचा वारा यांची गाठ पडू देत नाही. पेटीच्या तळाशी व बाजूंना उष्णतारोधक थर असतो. नळ्यांतील पाणी तापले की हलके होऊन वर चढते व वरच्या टाकीत जाते. टाकीच्या तळातील थंड पाणी त्याची जागा घेण्यास खाली येते. ऊन आहे तोवर हे चक्र कोणत्याही पंपाशिवाय चालू राहते. टाकीलाही जाड उष्णतारोधक वेष्टण असते, म्हणून दुपारी तापलेले पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळीला मिळते. दुसऱ्या प्रकारात पेटीऐवजी काचेच्या दुहेरी नळ्या असतात. दोन काचांमधील हवा काढून टाकलेली असते. थर्मासच्या बाटलीत चहा जसा गरम राहतो, तसे त्या नळीत पाणी गरम राहते.

हा प्रकाशापासून वीज तयार करणाऱ्या काळ्या-निळ्या पटांचा विषय नव्हे, हे येथे स्पष्ट केलेले बरे. दोन्ही वस्तू छतावर बसतात, दोहोंना लोक ‘सोलर’ म्हणतात आणि त्यातून घोटाळा होतो. वीजपट प्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करतो. आजचा आपला विषय उष्णता हा आहे.

हिशेब मांडून पाहू

शासकीय कामात आकड्यांशिवाय विश्वास बसत नाही. तो बसूही नये. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचे तर ४,००० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे विजेवर हे काम करण्यास किमान साडेचार युनिटांहून थोडी अधिक वीज खर्ची पडेल. आता उन्हाकडे पाहू. आपल्या भागात निरभ्र दिवशी प्रत्येक चौरस मीटरवर पाच ते सहा युनिटांइतकी उष्णता उतरते. दोन चौरस मीटरवर दहा युनिटे उतरली आणि त्यातील निम्मी आपण धरून ठेवली, तरी शंभर लिटर पाण्याचे काम भागते. शंभर लिटरला दोन चौरस मीटर हे प्रमाण या साध्या हिशेबातून आलेले आहे.

६० अंशांचे पाणी अंगावर घेता येत नाही. त्यात विसण घालावे लागते. १०० लिटर कढत पाण्यात १०० लिटर थंड पाणी मिसळले की सुमारे ४० अंशांचे २०० लिटर पाणी होते. पन्नास विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात प्रत्येकी वीस लिटर पाणी धरले तर ५०० लिटरचे संयंत्र पुरते. तेच पाणी विजेवर तापविल्यास रोज २३ युनिटांहून अधिक वीज लागेल. उघड्या चुलीवर तापविल्यास लाकडाच्या उष्णतेतील आठवा-नववा हिस्साच पाण्याला मिळतो आणि बाकीची धूर व वारा नेतात. या हिशेबाने दररोज अर्ध्या क्विंटलच्या घरात सरपण जाळावे लागेल. ते कोणत्या तरी शिवारातून तोडले जाते, कोणाच्या तरी डोक्यावरून येते आणि त्याचा धूर कोणाच्या तरी छातीत जातो. हा खर्च कोणत्याही लेखाशीर्षाखाली दिसत नाही, म्हणून तो नसतो असे मात्र नाही.

छतावर वीजपट आहेत, मग त्यांच्याच विजेवर पाणी का तापवू नये, असे कोणी विचारील. फेब्रुवारी २०२४ पासून केंद्र शासनाच्या सूर्यघर योजनेने घरोघरी असे पट बसू लागले आहेत आणि ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि एक किलोवॅटचे पट दिवसाला साधारण चार युनिटे वीज देतात आणि पाच-सहा चौरस मीटर जागा घेतात. म्हणजे शंभर लिटर पाण्यासाठी तेही पुरते पडणार नाहीत. उष्णतेचे संयंत्र तेच काम दोन चौरस मीटरमध्ये करते. ज्याच्याकडे मोठे छत आणि शिल्लक वीज आहे त्याने सोयीचे ते करावे. जेथे छत लहान व अंघोळ करणारे पुष्कळ, अशा वसतिगृहात, आश्रमशाळेत, प्रसूतिगृहात उष्णतेसाठी उष्णताच घेणे शहाणपणाचे आहे.

नीरेच्या पाण्याचा गुण

आता त्या बंद संयंत्राकडे वळू. त्याचा शत्रू ढग नव्हता, पाणी होते. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळांवर ऊस उभा राहिला. पाणी अमाप दिले गेले, निचरा झाला नाही आणि कित्येक जमिनी खारवट-चोपण झाल्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातील डॉ. हॅरल्ड मान यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर १९१० मध्येच एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ही कथा आपल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. मात्र जमिनीत उतरलेले क्षार विहिरीत आणि कूपनलिकेतही येतात आणि तेथून ते आपल्या छतावर चढतात, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी तापले की त्यातील चुना नळीच्या आतल्या अंगाला बसतो. चहाच्या किटलीत जो पांढरा थर आपण पाहतो तोच हा. तांब्याची नळी बोटाएवढी; दोन-तीन वर्षांत तिचे तोंड अरुंद होते, पाण्याचे चक्र मंदावते आणि मग ‘सोलर चालत नाही’ असे म्हणून सगळे सूर्यावर रुसतात. बॉयलरमध्ये असा थर बसला तर काय होते हे वालचंदनगरच्या कोणत्याही जुन्या कामगाराला विचारावे. म्हणून तर बॉयलरला कधी कच्चे पाणी देत नाहीत. जी काळजी कारखाना घेतो ती वसतिगृहाने का घेऊ नये?

उपाय अवघड नाहीत. खरेदीपूर्वी पाण्याची तपासणी करावी. पाणी जड असेल तर बारीक तांब्याच्या नळ्यांऐवजी रुंद काचेच्या नळ्यांचे संयंत्र घ्यावे. दुसरा मार्ग असा की, नळ्यांत कायम तेच शुद्ध पाणी फिरत राहील आणि ते टाकीतील पाण्याला बाहेरून ऊब देईल, अशी बंद रचना घ्यावी. ती थोडी महाग पडते, परंतु टिकते. वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून नळ्यांतील क्षार काढून घ्यावा. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते. ती झिजण्यासाठीच घातलेली असते, म्हणून संपल्यावर नवी घालावी लागते. आठवड्यातून एकदा, ऊन चढण्यापूर्वी, काचा पुसाव्यात. एवढ्याने संयंत्र वर्षानुवर्षे काम देते.

नदीपलीकडे फलटण

बारामतीहून नीरा ओलांडली की सातारा जिल्ह्यातील फलटण लागते. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था तेथे आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात सौर ऊर्जेवर डॉक्टरेट मिळविलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये या संस्थेत आले आणि तेथेच राहिले. गोड ज्वारीच्या ताटांचा रस काढायचा, तो आंबवायचा आणि त्यातून मद्यार्क वेगळा करण्यासाठी लागणारी उष्णता सूर्याकडून घ्यायची, असा प्रयोग या संस्थेने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात यशस्वी करून दाखविला. मद्यार्क पाण्याच्या आधी उडतो. त्याला रसरसत्या भट्टीची गरज नाही. साध्या सौर संग्राहकांनी तापविलेले पाणी त्या कामास पुरले.

याच संस्थेने पिण्याच्या पाण्यावर केलेले कामही आपल्या उपयोगाचे आहे. जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळावे आणि मग ते ६० अंशांवर १५ मिनिटे किंवा ४५ अंशांवर ३ तास ठेवावे. एवढ्याने त्यातील रोगजंतू निष्प्रभ होतात, असे त्यांना आढळले. पाण्याला उकळी आणणे अनिवार्य नाही. योग्य अंश आणि पुरेसा वेळ यांची जोड घातली म्हणजे झाले.

सूर्याच्या उष्णतेचे पहिले सूत्र येथे हाती लागते. काम किती अंशांचे आहे ते आधी पाहावे आणि तेवढ्याच अंशांची सोय करावी. अंघोळीला ४०, भांड्यांना ६०, दुधाच्या निर्जंतुकीकरणाला ७२ अंश आणि १५ सेकंद. यांतील कोणत्याही कामाला विजेसारखी राजस वस्तू जाळण्याचे कारण नाही.

वाफेचे सौरघर

१०० अंशांच्या पुढे जावयाचे तर सपाट पेटी पुरत नाही. पुष्कळ जागेवरचे ऊन आरशांनी एका ठिकाणी गोळा करावे लागते. भिंगाखाली कागद जळतो हे आपण सर्वांनी लहानपणी पाहिले आहे, तत्त्व तेच. महाराष्ट्रात याची दोन ठळक उदाहरणे घडली. लातूर येथील महानंद दूध प्रकल्पात २००६ मध्ये ‘अरुण’ नावाची सुमारे १६० चौरस मीटरची आरशांची तबकडी बसविण्यात आली. मुंबईच्या आय.आय.टी.च्या सहकार्याने ती विकसित झाली होती. सूर्यफुलासारखी ती दिवसभर सूर्याकडे वळत राही आणि दाबाखालचे कढत पाणी दुधाच्या निर्जंतुकीकरणासाठी देई. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या उभारण्यात आल्या. त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होऊ लागला. नेहमीचे बॉयलर काढून टाकलेले नव्हते. ऊन असेल तेव्हा सूर्य आणि नसेल तेव्हा इंधन, अशी जोडी जमविली होती. हा व्यवहारी मार्ग होय.

बारामती आणि इंदापूर हे दुधाचे आणि साखरेचे तालुके आहेत. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आटोपतो. स्वच्छ आकाशाचा काळही नेमका हाच. मग साखर कारखान्यांनी सौर वाफ का घेऊ नये? त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयास हवे. कारखान्याकडे स्वतःचा बगॅस असतो. इंधन विकत आणावे लागत नाही. दूध संघाचे तसे नाही. त्याला इंधन विकत घ्यावे लागते, त्याचे काम वर्षभर चालते आणि त्याला शंभरच्या आतबाहेरची उष्णता पुरते. म्हणून या भागात सौर वाफेचा पहिला मानकरी दूध उद्योग ठरतो, असे माझे मत आहे.

वीजघर : मुंबईत उगवलेली कल्पना

आता विजेकडे वळू. सूर्याच्या उष्णतेने वाफ करून यंत्र चालविण्याचा आशियातील एक आद्य प्रयोग आपल्याच मुंबईत झाला, हे कितीजणांस ठाऊक आहे? मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेल्या विल्यम ॲडम्स या गृहस्थाने कुलाब्यात चौकटीवर सपाट आरसे मांडून त्यांचे ऊन एका बॉयलरवर पाडले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे यंत्र चालवून दाखविले. १८७८ मध्ये त्याने या विषयावर मुंबईत पुस्तकही प्रसिद्ध केले. सैनिकांसाठी त्याने सूर्यचूल केली होती आणि जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या थंडीत, सात सैनिकांचा शिधा दोन तासांत शिजविला होता. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ऑगस्टिन मूशो या फ्रेंच गणित-शिक्षकाने सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवून चक्क बर्फ तयार केला. शिक्षक बंधूंनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे. पुढे १९१३ मध्ये फ्रँक शुमन या अमेरिकन अभियंत्याने कैरोजवळ मादी येथे आरशांच्या पाच लांबलचक पन्हळी उभारून नाईलचे पाणी शेतात चढविले.

मग या कल्पनेचे झाले काय? कोळसा स्वस्त झाला, नंतर तेल स्वस्त झाले, मध्ये महायुद्ध आले आणि आरसे अडगळीत गेले. १९७३ च्या तेल संकटाने ते पुन्हा बाहेर काढले. १९८४ ते १९९० या काळात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एकूण ३५४ मेगावॅटची नऊ वीजघरे अशा पन्हळींवर उभी राहिली. आपल्याकडे १९८४ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. सुहास सुखात्मे यांचे सौर उष्णतेवरील पाठ्यपुस्तक आले आणि अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे आपली ‘महाऊर्जा’, स्थापन झाली.

छतावरच्या साठ अंशांच्या पाण्यावर वीज का होत नाही, असा प्रश्न मला एका सरपंचांनी विचारला होता. उष्णतेपासून काम घेण्याचा निसर्गाचा नियम असा की, गरम आणि थंड यांतील अंतर जितके मोठे, तितका कामाचा वाटा मोठा. ६० अंशांच्या पाण्यापासून सिद्धान्ततः दहातला एक हिस्साही मिळत नाही आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. चारशे अंशांच्या वाफेपासून प्रत्यक्षात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज मिळू शकते. म्हणून वीजघराला आरसे हवेत, आरशांना सूर्याचे थेट किरण हवेत आणि थेट किरणांना निरभ्र, धूळरहित आकाश हवे. पांढुरक्या ढगांतून झिरपलेल्या उजेडात आपले न्हाणीघराचे संयंत्र थोडेफार काम करते. आरशांचे वीजघर मात्र थांबते.

जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात ४७० मेगावॅटची उष्णता-वीजघरे मंजूर झाली. त्यांपैकी थोडीच पूर्ण झाली. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात नोख येथे ५० मेगावॅटचे वीजघर २०१३ मध्ये आणि धुरसर येथे १२५ मेगावॅटचे २०१४ मध्ये सुरू झाले. धुळीमुळे थेट ऊन अंदाजापेक्षा कमी भरले, भांडवल फार लागले आणि दरम्यान प्रकाशापासून वीज देणारे पट झपाट्याने स्वस्त झाले. आज आपण माळावर जे सौर प्रकल्प पाहतो, बारामती तालुक्यातील शिर्सुफळचा महानिर्मितीचा प्रकल्पही त्यांतच आला, ते पटांचे आहेत.

तथापि उष्णतेच्या वीजघरापाशी एक गुण आहे आणि तो लहान नाही. उष्णता साठविता येते. स्पेनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या हेमासोलार वीजघरात अडीच हजारांहून अधिक आरसे एका मनोऱ्याच्या शिखरावर ऊन पाडतात. तेथे वितळलेले क्षार ५६५ अंशांपर्यंत तापतात आणि मोठ्या टाकीत साठविले जातात. त्या साठ्यावर सूर्यास्तानंतर पंधरा तास वीज निर्माण करता येते. जो क्षार आपल्या नळीत बसला तर संयंत्र बंद पाडतो, त्याच जातीचा दुसरा क्षार तेथे रात्रीचा दिवा पेटवितो. आपल्या शेतकऱ्याला रात्रीच्या विजेचे मोल सांगावे लागत नाही. साठवणुकीचा हा मार्ग भारतात कितपत परवडेल हे काळ ठरवील. परंतु त्यासाठी लागणारे दाबपात्र, उष्णता-नळ्या आणि टर्बाइन यांची विद्या वालचंदनगरसारख्या गावांच्या हातात आहे, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडून अपेक्षा

तीन घटकांना तीन विनंत्या करतो.

पंचायत सदस्यांना विनंती अशी की, संयंत्राच्या ठरावातच देखभालीचा ठराव करावा. खरेदीच्या वेळी भारतीय मानक १२९३३ प्रमाणे पेटी आहे का ते पाहावे, पाच वर्षांच्या दुरुस्तीचा करार त्याच कागदावर घ्यावा, पाण्याच्या तपासणीचा अहवाल जोडावा. पेटीचे तोंड दक्षिणेकडे असावे, तिच्यावर लिंबाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडू नये आणि थंडीतील कललेल्या सूर्यासाठी उतार तीस अंशांच्या आसपास असावा. गावातील एखाद्या नळकारागिराला हे काम शिकवून त्याच्याशी वार्षिक मोबदला ठरवावा. पुणे महानगरपालिकेने सौर संयंत्र बसविणाऱ्या घरांना मालमत्ता करात सवलत देऊन शहरात ही सवय रुजविली. ग्रामीण भागात आपल्या अधिकारात काय बसते याचा विचार आपणही करावा.

शिक्षकांना विनंती अशी की, दोन रिकामे डबे घ्यावेत, एक काळा रंगवावा, एक पांढरा. दोहोंत समान पाणी भरून अकरा ते दोन उन्हात ठेवावेत आणि मुलांना तापमापक हाती द्यावा. मग काळ्या डब्यावर काच ठेवून पुन्हा मोजावे. तापमानांची वही मुलांनी स्वतः लिहावी. हा प्रयोग करणारा मुलगा उद्या छतावरची काच मळलेली पाहून गप्प बसणार नाही.

अधिकारी मित्रांना, आणि त्यांत मीही आलो, विनंती अशी की उद्‌घाटनानंतर दुसऱ्या वर्षी त्या जागी एकदा जावे. ‘संयंत्रे बसविली : इतकी’ या रकान्याशेजारी ‘चालू असलेली : इतकी’ असा एक रकाना वाढवावा. कागद तोच, श्रम थोडे, परंतु त्यातून जे सत्य कळेल ते कोणत्याही नव्या योजनेइतके मोलाचे असेल.

अखेरीस त्या वसतिगृहाविषयी. गृहपालांनी पुन्हा अर्ज केला, मीही संबंधितांशी बोललो. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरने नळ्यांतील क्षार काढला, गळका जोड बदलला, दोन फुटलेल्या काचा नव्या बसविल्या. विहिरीच्या पाण्याऐवजी नळाचे पाणी संयंत्राला जोडले. संपूर्ण दुरुस्तीस नव्या संयंत्राच्या किमतीचा अल्प अंशच लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलांच्या बादल्यांतून वाफ निघत होती, चूल थंड होती आणि त्या बाई ओसरीवर बसून चहा घेत होत्या. त्या दिवशी फीत कापली गेली नाही, छायाचित्रही निघाले नाही. म्हणून ती बातमी कोठे छापून आली नाही. ती आज मी आपणास सांगितली.